घरोघरचा तांदूळ

हेरी : हळू बोला दाजी. आई जागी आहे ना आत?

तोवो : जागीच आहे. रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा. होडी कुणाची सापडली म्हणालास?

हेरी : आपलीच. निळा पत्रा ठोकलेली दुसरी होडी कुणाची आहे गावात? तुम्हीच ठोकला होतात.

तोवो : कुठं?

हेरी : लव्हाळ्यात अडकली होती. पालथी. विळा दोरीनं बांधलेला तसाच आहे. कापलेल्या लव्हाळ्याच्या मोळ्या पाण्यावर फिरतायत.

तोवो : आणि हिराना?

हेरी : नाही.

तोवो : मग पोहून कुठं तरी बाहेर पडली असेल. पलीकडच्या काठाला.

हेरी : पलीकडचे लोक कालपासून आमच्याबरोबरच शोधतायत, दाजी. परवा तो वारा सुटला तेव्हा ती तळ्याच्या मधल्या पाण्यात होती. माझी बहीण माशासारखी पोहायची, मला ठाऊक आहे. पण परवापासून कोण पोहेल?

तोवो : म्हातारी मंडळी काय म्हणतात?

हेरी : सकाळी बसली होती. आता वाट बघायची नाही, रडायचं, असं ठरलं. ही बघा, टोपलीसुद्धा फिरली.

तोवो : तांदूळ आहे हा?

हेरी : घरटी एक डबा. लाल, पांढरा, जाडा, बारीक, ज्याच्या घरात जो असेल तो. दुःखाच्या घरी असाच येतो. तुमच्या दक्षिणेत नसतं का असं?

तोवो : आमच्याकडं बैल आणतात. तांदूळ कुठला आमच्याकडं.

हेरी : तर ही इथंच अंगणात राहू द्या. उंबऱ्याच्या आत आणू नका, आमच्या घराण्यात चालत नाही. का ते आल्यावर सांगतो. आणि आईला...

तोवो : मी सांगू?

हेरी : मला नाही जमणार. नुसतं "आई" म्हटलं तरी मला रडू फुटेल. पण लगेच सांगू नका. एकदा सांगितलं की ती अन्नाला शिवणार नाही. आमच्यात आई-बापांचं असंच असतं. पोर थडग्यात ठेवल्याशिवाय तोंडात घास घेत नाहीत. मामा गेला तेव्हा आजीनं तसंच केलं होतं. पण मामा घरात गेला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं आटपलं.

तोवो : आणि हिराना सापडलीच नाही तर?

हेरी : तेच म्हणतोय मी.

तोवो : परवापासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. लेक आल्यावर खाईन, हेच धरून बसल्यात.

हेरी : म्हणून म्हणतो, आधी पोटात काही तरी घाला. पेज घाला. मग सांगा. बायका रडायला निघाल्याच होत्या, मी त्यांना विहिरीपाशी थोपवून आलोय. दुपारपर्यंत थांबतील. त्यानंतर बोदोकाकी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

तोवो : मला पेज येत नाही रे.

हेरी : आईला येते की. ती सांगेल तसं करा. मी परत पाण्यावर जातो. तुमची लेक फारा तिकडं काकीच्या पोरींबरोबर खेळतेय, तिला आत्ता आणू नका.

(हेरी जातो. तोवो घरात येतो. त्याची सासू मावो चुलीजवळ चटईवर, भिंतीला टेकून बसली आहे. तिला दिसत नाही.)

मावो : कोण होतं रे बाहेर?

तोवो : हेरी.

मावो : माझा हेरी? आणि आईला तोंड न दाखवता गेला? मला दिसत नाही म्हणून तोंड वाचवतो होय! काय म्हणाला?

तोवो : हिरानाचं म्हणाला.

मावो : बोल की मग. घशात काटा अडकलाय का?

तोवो : दिसली म्हणे. पलीकडच्या काठाला. वाऱ्यानं होडी तिकडं नेली.

मावो : देवा रे! आणि माझ्या पूर्वजांनो! अरे, मग हे एवढं हळू का सांगतोस? ओरडून सांग ना! मी म्हणत नव्हते? काल दिवसभर सगळे माझ्याशी असे गोड गोड बोलत होते, मला धडकीच भरली होती. बोदो तर चक्क माझे पाय चेपायला बसली. बोदो! मी म्हटलं, आता हे काही खरं नाही.

तोवो : वारा पडला की येईल.

मावो : उतरली कुणाकडं?

तोवो : ते हेरी बोलला नाही.

मावो : माझ्या मावसबहिणीकडं असणार. दुसरं आहे कोण आपलं तिकडं? ती हंस पाळते. एखादा मारून खायला घालील माझ्या लेकीला. अंगावर पांघरलेला लांबा भिजला असेल रे तिचा. कोरडा दिला असेल ना कुणी पांघरायला?

तोवो : दिला असेल.

मावो : देईल, देईल. चिकट आहे बाई, पण तेवढं देईल. निरोप काही?

तोवो : हो. तुम्ही खाऊन घ्या म्हणाली.

मावो : हे मात्र अगदी तिचं बोलणं. स्वतः वाऱ्यात सापडली, अर्धी बुडाली असेल, आणि निरोप काय, तर आईनं जेवावं. बरं, खाते. कर काही तरी. पेज कर. दोन दिवसांच्या रिकाम्या पोटात सुका भात गेला तर दगडासारखा बसेल. येते का तुला?

तोवो : नाही.

मावो : लग्न झाल्यापासून रोज सकाळी वाडगाभर ओरपतोस, आणि येत नाही?

तोवो : ओरपता येते.

मावो : कसाव्याच्या कंदांवर वाढलेला माणूस! माझी मुलगी लव्हाळ्याच्या चटया विकायला आंबातोंद्राझाकाच्या बाजारात गेली आणि तिथून नवरा घेऊन आली. मी म्हटलं, बाई, चटया विकल्या गेल्या नाहीत का? तर म्हणते, विकल्या, हा वर मिळाला. हसलास का?

तोवो : हसलो.

मावो : ऐकू आलं नाही. असो. तांदूळ काढ पेटीतला. एक डबा. पेज फुगते, एका डब्यात तिघांचं होतं.

तोवो : पेटीला कुलूप आहे, आई.

मावो : किल्ली?

तोवो : हिरानाच्या कमरेला.

मावो : बरोबर घेऊन गेली? वेंधळी. आणि दोन दिवस तू काय खाल्लंस?

तोवो : फाराला बोदोकाकी घालत होती.

मावो : मी तुझं विचारलं. बरं, जाऊ दे. कुलूप तोड. गंजकं आहे, वरवंटा मारलास की उघडेल.

तोवो : नको.

मावो : का रे?

तोवो : तिची पेटी आहे. येऊन माझं डोकं फोडील.

मावो : फोडील खरं. तिच्या आजीची पेटी ती. मग बोदोकडून आण डबाभर. ती नाही म्हणायची नाही, नंतर गावभर सांगेल एवढंच. जा लवकर. खरं सांगू, आता भूक लागली बघ मला. कालपासून पोट मेल्यासारखं होतं. तू सांगितलंस आणि जागं झालं.

तोवो : आणतो. (अंगणात जातो आणि लगेच डबा भरून परततो.)

मावो : हे काय, आलास पण? उडत गेलास का?

तोवो : काकी वाटेतच भेटली.

मावो : तांदळाचा डबा हातात घेऊन?

तोवो : हो. आपल्याकडंच निघाली होती.

मावो : मग आत का नाही आली? आज सगळे उंबऱ्यावरूनच परततायत. आण ते सूप इकडं, निवडून देते.

तोवो : निवडलेला आहे.

मावो : कुणी, बोदोनं? तिच्या तांदळात खड्यांपेक्षा तांदूळ जास्त निघाला तर नशीब समजायचं. आण. या घरात तांदूळ मी निवडते. डोळे गेले तेव्हा मी रडत बसले होते, तर हिरानानं सूप आणून मांडीवर आदळलं. म्हणाली, डोळे गेले, बोटं कुठं गेलीत? तेव्हापासून एक खडा कुणाच्या दाताखाली आलेला नाही.

तोवो : आज मी करतो आई. तुम्ही नुसतं सांगा.

मावो : माझं काम काढून घेतोस?

तोवो : तसं नाही. दोन दिवस उपाशी आहात. दमाल.

मावो : बरं बाबा, निवड तूच. खिडकीशी बस, उजेडात. आणि मग धू. दोन पाण्यांनी, हलक्या हातानं. तुम्ही पुरुष तांदूळ धुता तो वैऱ्याचा गळा दाबल्यासारखा. धुवण फेकू नकोस, बदकांना ठेव.

तोवो : ठेवलं.

मावो : आता पाणी. भाताला बोटाचं एक पेर. पेजेला अख्खा तळहात बुडला पाहिजे. पातेल्यात हात उभा धर. बुडला?

तोवो : मनगटापर्यंत.

मावो : तुझा हात कुदळीएवढा आहे. थोडं कमी कर. ठेव चुलीवर. झाकण तिरकं, पूर्ण नको, नाहीतर उतू जाईल. जाळ मोठा कर. आणि उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही. पुरुषाला चुलीपाशी बसवलं की हातात पळी घेऊन नुसतं ढवळत बसतो, मग तळाला लागते आणि म्हणतो, पातेलं वाईट.

तोवो : आई, तुम्ही आडव्या व्हा. झाली की उठवतो.

मावो : झोप कसली येते आता. ती येईल तेव्हा आधी तिला रागवायचंय मला. काय म्हणून रागवू, ते ठरवतेय. वारा दिसत असताना मधल्या पाण्यात गेली म्हणून रागवू, की किल्ली नेली म्हणून?

तोवो : किल्ली नेली म्हणून.

मावो : तेच बरं. पाण्याचं बोललं तर उलट बोलेल. "आई, लव्हाळं काय अंगणात उगवतं?" असंच म्हणेल. त्या काठचं लव्हाळं लांब असतं, चटईला जोड द्यावा लागत नाही. म्हणून जाते इतकी लांब. हट्टी आहे. लहान होती तेव्हा... ते ऐकलंस? खदखदायला लागलं. लाकूड ओढ मागं. आता नुसतं रटरट वाजलं पाहिजे, म्हातारा झोपेत पुटपुटतो तसं.

तोवो : ओढलं.

मावो : आता पळी घाल, तळापासून फिरव, सावकाश. आलं आहे का घरात?

तोवो : आहे.

मावो : चेच. अंगठ्याएवढं. पाल्याचं काय आहे?

तोवो : परसातला आणला होता तिनं. परवाचा आहे. कोमेजलाय थोडा.

मावो : चालेल. पेजेत गेला की सगळं एकच होतं. देठ काढ, पानं हातानं तोड, सुरी लावू नकोस. शेवटी घालायची. मीठ घालू नकोस हं. मीठ मासळीत असतं, पेजेत नाही. फाराला ताप आला होता तेव्हा तू मीठ घातलं होतंस, तिनं तुझ्याच अंगावर थुंकलं होतं.

तोवो : आठवतं.

मावो : आता एक दाणा काढ. बोटांत दाब. फुटतो?

तोवो : फुटतो.

मावो : दुसरा बघ.

तोवो : हा नाही फुटत. आत कडक आहे.

मावो : पातेल्याला आच एकाच बाजूनं लागत असेल. फिरव ते. दगडावर नीट बसव. पाणी घाल वाडगाभर, गरम घाल.

तोवो : घातलं.

मावो : पुन्हा बघ आता. काय दिसतं?

तोवो : काही विरघळून गेलेत. काही तसेच आहेत.

मावो : असं कसं होईल? तुला बघताही येत नाही. मला दिसत असतं तर... जाऊ दे. पाला घाल आणि उतरव. गिळायला दात कशाला लागतात. वास चांगला सुटलाय, तेवढं मान्य करते. आलं जास्त झालंय.

तोवो : घ्या. गरम आहे. मी भरवू?

मावो : मी आंधळी आहे, बाळ नाही. चमचा दे. हं. हं, बरी आहे. पातळ चांगली झालीय. हिराना घट्ट करते, मी तिला सांगत असते, पेज ही वाहिली पाहिजे. तिला सांगू नकोस, पण पहिल्याच खेपेला तिच्याहून बरी केलीस.

तोवो : आणखी घ्या.

मावो : घेते ना. असा मानेवर श्वास टाकत उभा राहू नकोस. बस खाली. तू पण घे वाडगा.

तोवो : तुमचं होऊ दे. सावकाश खा. पण खा.

मावो : कुणी पाठीमागं लागलंय का? दाराकडं काय बघतोस सारखा? मान वळवतोस ते मला कळतं, आवाज तिकडं जातो तुझा. ती काय इतक्यात येते... थांब.

तोवो : भाजलं का?

मावो : नाही.

तोवो : खडा आला?

मावो : खडा नाही. थांब जरा, बोलू नकोस. हा लाल आहे. सालीची चव आहे. हा बोदोचा, बरोबर. पण हा बारीक, जिभेवर विरतोय, हा बोदोच्या शेतात होत नाही. आणि हा जाडा, अजून कच्चा, हा खालच्या पाटावरचा. हा शिजायला दुप्पट वेळ लागतो, एकटाच शिजवायचा असतो. तोवो, या पातेल्यात किती घरांचा तांदूळ आहे?

तोवो : काकीकडं मिसळला असेल.

मावो : मिसळत नाही कुणी. भिकारीसुद्धा दोन फडक्यांत दोन तांदूळ वेगळे बांधतो. मिसळला की एक विरतो आणि एक कच्चा राहतो, म्हणून. गावात मिसळलेला तांदूळ एकाच वेळी निघतो.

तोवो : आई...

मावो : टोपली कुठं आहे?

तोवो : अंगणात.

मावो : हेरीनं आणली?

तोवो : हो.

मावो : म्हणून आत आला नाही तो.

तोवो : हो.

मावो : पलीकडच्या काठाला कोण दिसलं होतं?

तोवो : कुणी नाही. होडी सापडली, आई. लव्हाळ्यात. पालथी. ती नाही सापडली.

मावो : आणि मी खावं म्हणून निरोप?

तोवो : मीच बोललो तो.

मावो : तू बोललास.

तोवो : हो.

मावो : हा वाडगा घे माझ्या हातातला. घे, सांडेल. किती राहिलीय त्यात?

तोवो : निम्मी.

मावो : म्हणजे निम्मी गेली आत. हेरीनं सांगितलं नव्हतं तुला?

तोवो : उंबऱ्याच्या आत आणू नका म्हणाला होता. का ते सांगायला थांबला नाही. मला वाटलं, काही तरी रीत असेल. तांदूळ तो तांदूळ, असं वाटलं.

मावो : तो रडायला येणाऱ्यांचा तांदूळ आहे. त्यांच्यासाठी शिजवायचा, अंगणात, वेगळ्या चुलीवर. जिचं पोर गेलं तिनं तो खायचा नसतो. आमच्या घराण्यात खाल्ला की त्या आईचा हात पोराला लावू देत नाहीत. धुवायला नाही, गुंडाळायला नाही, थडग्यात ठेवायला नाही. तिनं बाहेर बसायचं, परक्यासारखं.

तोवो : मला ठाऊक नव्हतं.

मावो : तुला कुठून असणार.

तोवो : मी कुणाला सांगणार नाही. पातेलं घासून टाकतो. कुणालाच कळणार नाही.

मावो : आणि माझ्या पूर्वजांना काय करशील? त्यांनाही पलीकडच्या काठाचा निरोप देशील?

तोवो : (हातातला वाडगा खाली ठेवतो.)

मावो : रागानं नाही बोलले. म्हणजे, रागानंच बोलले. ती जन्मली तेव्हा सुईण पोचली नव्हती, मीच धुतलं होतं तिला, या इथंच, कोमट पाण्यानं. परवा संध्याकाळी ती आली नाही, तेव्हापासून माझ्या मनात तेच चाललं होतं. काही झालंच असेल तर निदान धुवायला मी आहे. डोळे नसले तरी बोटं आहेत.

तोवो : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

मावो : भीती होती. तू दिसली म्हणालास आणि मी ती टाकून दिली. जरासुद्धा अडून बसले नाही. भूकसुद्धा लागली मला, तोवो. लाज नाही वाटली त्या पोटाला.

तोवो : तुम्ही उपाशी जाल असं वाटलं. ती सापडली नाही तर तुम्ही किती दिवस तशाच राहणार होतात? तिच्यानंतर तुम्हीही माझ्या हातून गेलात तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं.

मावो : कुलूप तोडायचं होतंस.

तोवो : हेरी गेल्यावर वरवंटा घेऊन पेटीपाशी उभा राहिलो होतो. बाहेर कोण होतं म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा. हात वर जाईना. कुलूप तोडलं म्हणजे किल्ली येणार नाही, हे मीच म्हटल्यासारखं झालं असतं.

मावो : मग खरंच बोदोकडं जायचं होतंस.

तोवो : ज्या दारात गेलो असतो तिथं रडायला लागले असते. रडत रडत माझ्यामागं इथवर आले असते. मग तुम्ही काही खाल्लं नसतंत.

मावो : नसतं खाल्लं.

तोवो : पण आई, धुवायला अजून काही सापडलेलंच नाही.

मावो : ते कळलं मला. सापडली तरी मी नाही, आणि नाही सापडली तरी मी नाही. तू खाल्लंस का रे?

तोवो : नाही.

मावो : नवऱ्याला चालतो तो तांदूळ. खा.

तोवो : नाही जाणार खाली.

मावो : माझ्या खाली घातलास की. खा म्हणते ना. लेकरालाही चालतो. फारासाठी जाडे दाणे चेचून ठेव, तिच्या घशात अडकतील. आणि मासळी भाज थोडी, काटे काढून दे. हिराना काढते ते उजेडात धरून, एकेक.

तोवो : बघितलंय मी.

मावो : मग तसंच काढ. ते कोण येतंय? हेरीची चाल आहे ही.

हेरी : आई.

मावो : ये आत. आता यायला हरकत नाही.

हेरी : दाजींनी सांगितलं?

मावो : तांदळानं सांगितलं.

हेरी : कुठल्या तांद... दाजी! अंगणातली टोपली उघडी कशी? आत आणलात तुम्ही?

तोवो : एक डबा.

हेरी : मी काय सांगून गेलो होतो? एवढी एकच गोष्ट सांगितली होती! आई, तू खाल्लंस त्यातलं?

मावो : निम्मा वाडगा. त्याच्यावर ओरडू नकोस. तू अर्धं सांगून पळालास आणि त्यानं अर्धं ऐकलं. तुम्ही दोघांनी मिळून माझं पोट भरलंत. काय सापडलं?

हेरी : काही नाही.

मावो : मला सगळं सांग. आता मला सांभाळायचं काही राहिलेलं नाही.

हेरी : खरंच काही नाही, आई. लांबासुद्धा नाही. आपल्या काठचं सगळं लव्हाळं बांबूनं चाळलं. म्हातारी मंडळी म्हणतात, आता थांबा. उद्यापासून पाटाला पाणी सोडणार, रोपं मोठी झालीत, लावणी थांबवता येत नाही. दोन दिवस अख्खं गाव पाण्यावर होतं, त्यांना तरी काय म्हणायचं? तिनं विणलेली एखादी चटई घ्यायची, धुवायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायची आणि तीच थडग्यात ठेवायची. तिच्या नावानं.

मावो : चटई मी धुतली तर?

हेरी : आई...

मावो : चटईच आहे रे. माणूस कुठं आहे ते? चटईला तरी हात लावू दे.

हेरी : मी म्हाताऱ्यांना विचारतो.

मावो : नको विचारूस. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मी त्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. कोण धुईल मग?

हेरी : बोदोकाकी.

मावो : बोदोला नीट धुवायला सांग. लव्हाळं कापलेलं असतं तिथं कडेला माती राहते. बोट घालून काढायची.

तोवो : मी सांगतो काकीला.

मावो : तू आता काही सांगू नकोस कुणाला. हात धर माझा. उंबऱ्याबाहेर न्यायला हवं मला, रडणाऱ्या बायका यायच्या आत. हेरी, चटई टाक बाहेर, सावलीला.

हेरी : निघाल्या बघ त्या. विहिरीपासून आवाज येतोय.

मावो : येतोय. आवाज काढते बोदो, पण रडते खरं. सावकाश चाल रे तोवो. पाय जड झालेत. खाल्ल्यावर माणूस जड होतो.

तोवो : पायरी आहे. हं. बसा इथं. हेरी, उत्तरेकडची दलदल बघितलीत?

हेरी : तिकडं वारा आहे. होडी घालायला कुणी तयार नाही.

तोवो : मी जातो.

हेरी : वल्हं धरता येतं तुम्हाला, दाजी?

तोवो : नाही.

मावो : तुला पोहताही येत नाही. बस इथं माझ्याजवळ. हेरी, तू जाशील?

हेरी : एकट्यानं नाही जमत, आई. एकानं वल्हवायचं, एकानं बांबू धरायचा. आणि त्या आल्याच बघ, मला आता अंगणातली चूल पेटवायला हवी.

तोवो : म्हणजे उत्तरेकडचं बघायचं राहिलंय.